तिसऱ्या तारेची साक्ष

वर्कस्टेशनचं बटण दाबल्यावरचे पहिले दोन-तीन सेकंद कान देऊन ऐकण्यासारखे असतात. आतले पंखे एकदम जोरात सुटतात, वाऱ्याचा मोठा आवाज होतो आणि मग तो उतरत उतरत एका शांत पट्टीवर स्थिरावतो. रात्रभर रेंडर लावून ठेवणारे आर्किटेक्ट, व्हिडिओ एडिटर, इमारतींची गणितं करणारे इंजिनिअर यांना हा आवाज इतका सवयीचा होतो की तो ऐकूच येईनासा होतो. मग एखाद्या सकाळी तो उतरतच नाही, किंवा मुळात उमटतच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळ येते, ‘सीपीयू फॅन एरर’, आणि तिच्याखाली एफ-१ दाबण्याची सूचना. बहुतेक जण एफ-१ दाबतात, समोर आलेलं बायोसचं पान न वाचताच बंद करतात आणि कामाला लागतात. त्या एका ओळीपर्यंत येण्याआधी पंखा आणि मदरबोर्ड यांच्यात केवढी सुबक देवाणघेवाण झालेली असते, हे त्यांच्या नजरेतून निसटतं. ती नीट वाचता आली, तर बिघाड कुठे आहे हे यंत्र बहुतेक वेळा स्वतःच सांगतं.

सुरुवात त्या पहिल्या आवाजापासून करू. वीज येताच पंखे पूर्ण वेगाने का फिरतात? तसा कुणी हुकूम देतं म्हणून नव्हे. हुकूम देणारं अजून कुणी जागंच झालेलं नसतं म्हणून. पंख्याचा वेग आवरण्याचं काम मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपकडे असतं आणि बायोसने त्या चिपला आकडे देईपर्यंत पंखा मोकळा असतो. वेगाची आज्ञा आणणारी तार रिकामी असेल तर पंख्याने पूर्ण वेगाने फिरावं, असं मानकातच ठरलेलं आहे. त्यामुळे ती तार तुटली किंवा तिची पिन वाकली, तरी पंखा थांबत नाही. तो जास्तीत जास्त वारा देत राहतो. शिवाय थांबलेल्या मोटरला हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढा फिरत्या मोटरला फिरत ठेवायला लागत नाही. सुरुवातीच्या या धक्क्याने बेअरिंगमधला जडपणाही मोडतो. चूक होणारच असेल तर ती आवाजाच्या बाजूने व्हावी, उष्णतेच्या बाजूने नको, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं आहे. दाद देण्याजोगी ही पहिली जागा.

आता पंख्यापासून निघणाऱ्या बारीक तारा हातात घेऊ. इंटेलने चार तारांच्या पंख्यांसाठी केलेल्या मानकाची २००५ सालची आवृत्ती पाहिली, तर काळी तार ग्राउंडची, पिवळी १२ व्होल्टची, हिरवी वेग कळवणारी आणि निळी वेगाची आज्ञा आणणारी. (बरेच उत्पादक आता चारही तारा काळ्याच ठेवतात, तेव्हा रंगावर न जाता प्लगमधल्या क्रमाने मोजावं.) आज्ञेच्या तारेवरचा संकेत सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होतो, त्यात चालू असण्याचा वाटा जितका मोठा, तितका वेग जास्त. पण २५ हजारच का? माणसाचा कान फार तर २० हजारांपर्यंतची कंपनं ऐकतो. मानकाने २१ ते २८ हजारांपर्यंत मुभा दिली आहे, म्हणजे खालची मर्यादासुद्धा कानाच्या टप्प्याबाहेरची. पंख्याला दिलेली आज्ञा शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येऊ नये, इतका विचार त्या आकड्यात आहे.

प्लगची घडणही अशीच. मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या मागे प्लास्टिकची एक जीभ उभी असते, पण ती पहिल्या तीन पिनांपुरतीच. चौथी पिन तिच्या आधाराबाहेर एकटी राहते. तीन तारांचा जुना पंखा त्यामुळे चार पिनांवर बसतो आणि चार तारांचा नवा पंखा तीन पिनांवरही बसतो. दोन्ही वेळा ग्राउंड, १२ व्होल्ट आणि वेगाची खबर या तीन तारा अचूक आपापल्या जागी येतात. उलटा मात्र कोणताच बसत नाही. चौथी तार आली तेव्हा आधीच्या तिघींना जागा बदलावी लागली नाही. जुन्याचा मान राखून नवं आणण्याचं इतकं नेटकं उदाहरण यंत्रांच्या दुनियेत रोज पाहायला मिळत नाही.

या चौघींत माझी आवडती तिसरी, वेग कळवणारी. फॅन एररचा सगळा प्रसंग हिच्यावर उभा आहे. गंमत अशी की पंखा या तारेतून वीज पाठवतच नाही. तारेवरचा दाब मदरबोर्डाचा असतो; पंखा प्रत्येक फेऱ्यात ती तार दोनदा ग्राउंडला टेकवतो आणि दोनदा सोडून देतो. आपल्याच तारेवरची ही चढउतार बोर्ड मोजतो. यामुळे पंखा बनवणाऱ्याला बोर्डावरची चिप किती व्होल्टवर चालते याची फिकीर करावी लागत नाही. तैवानचा पंखा कुठल्याही कंपनीच्या बोर्डाशी बोलू शकतो. पण यापेक्षा बारीक गोष्ट पुढेच आहे. पंख्याच्या जिवंतपणाची खूण म्हणून इथे एखादी स्थिर पातळी धरलेली नाही, बदल धरला आहे. तार तुटून वरच राहिली तरी बदल नाही, कुठे चेपून ग्राउंडला चिकटली तरी बदल नाही. दोन्ही वेळा बोर्डाला एकच गोष्ट कळते: फेरे येत नाहीत. ‘सगळं ठीक’ असा एकच कायमचा संकेत ठेवला असता, तर एखादी तुटकी तारही वर्षानुवर्षं ‘ठीक’ सांगत राहिली असती. इथे ती सोय ठेवलेलीच नाही.

तार टेकवणारी कळ पंख्याच्या मधोमध, स्टिकरमागे दडलेल्या छोट्या सर्किटवर असते. तिचं मूळ १८७९ सालात आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन हॉल यांनी सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर्खाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र दिलं आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये विजेचा बारीकसा दाब तयार झालेला त्यांना दिसला. आजच्या पंख्याच्या फिरत्या टोपीत आतून चुंबकाची कडी असते, तिच्यावर साधारणपणे चार ध्रुव, उत्तर आणि दक्षिण आळीपाळीने. हॉल यांना दिसलेल्या याच परिणामावर चालणाऱ्या संवेदकासमोरचा ध्रुव बदलला की कोणत्या वेटोळ्यात वीज सोडायची हे ठरतं आणि त्यानेच पंखा फिरत राहतो. वेगाची खबर देणाऱ्या पल्स याच संवेदकाकडून येतात. म्हणजे खबर देणारा इथे बाजूला उभा राहून पाहणारा कुणी साक्षीदार नाही; जो पंखा फिरवतो, तोच फिरल्याचं सांगतो.

बिघाड शोधणाऱ्याला यातून फार मोठी गोष्ट हाती लागते. पडद्यावर फॅन एरर आहे आणि डोळ्यांसमोर पंखा छान फिरतो आहे, असं असेल तर संवेदक शाबूत आहे, वेटोळी शाबूत आहेत, १२ व्होल्ट पोहोचत आहेत आणि ग्राउंड जोडलेलं आहे. एका नजरेत चार संशयित सुटले. उरला तो संवेदकापासून मोजणाऱ्या चिपपर्यंतचा रस्ता आणि त्या चिपला दिलेली मर्यादा. अशा वेळी पंखा काढून तेल घालत बसणारा माणूस मला बघवत नाही, कारण पंख्याने स्वतः फिरून आपलं निर्दोषत्व आधीच दाखवलेलं असतं.

बोर्डाच्या बाजूची मोजणी तर खास रसिकांसाठीची जागा आहे. सहज वाटेल की चिप ठरावीक वेळ पल्स मोजत असेल. जुन्या चिप याच्या नेमकं उलट करत: एका फेऱ्याला किती वेळ लागला, हे त्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यांनी मोजत. १९९० च्या दशकातल्या, नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या एलएम७८ या चिपमधलं हे घड्याळ सेकंदाला २२,५०० ठोके देई. पंखा मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर एक फेरा ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे ९०० ठोक्यांचा. पण आकडा ठेवायची जागा आठच बिटांची, फार तर २५५ पर्यंतची. म्हणून आधी भागाकार. ८ ने भागलं की ११२ उरतात, ते बसतात. आता मोठा, संथ पंखा घ्या, मिनिटाला ६०० फेऱ्यांचा. त्याचा एक फेरा १०० मिलिसेकंदांचा, २,२५० ठोक्यांचा. ८ ने भागून २८१. ते बसत नाहीत. मोजणी २५५ वर जाऊन थांबते, आणि त्या चिपच्या लेखी २५५ म्हणजे पंखा थांबलेला. ८ हा तिचा सगळ्यात मोठा भाजक, त्यापुढे ती जाऊ शकत नाही. ख्यालाच्या अतिविलंबित लयीत नवखा श्रोता दोन मात्रांमधल्या अंतरातच हरवतो आणि गाणं थांबलं असं त्याला वाटतं, तसंच हे. पंखा चांगला, तार चांगली, चिपही चांगली. ऐकणाऱ्याचा आवाका मात्र लयीपेक्षा लहान. पुढच्या पिढ्यांतल्या चिपना मोठे भाजक मिळाले, आकडा ठेवायला जास्त बिट मिळाले आणि संथ पंख्यांची लय त्यांना ऐकू येऊ लागली. पण इतक्या अडचणीच्या जागेत भागाकाराची एक पायरी घालून मोजणी बसवणाऱ्यांची हातोटी त्या जुन्या चिपमध्येच जास्त स्पष्ट दिसते.

चिपला ऐकू आलं तरी बायोसची एक मर्यादा राहते. असुसच्या बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये प्रोसेसरच्या पंख्याची किमान वेगमर्यादा निवडता येते: २००, ३००, ४००, ५००, ६०० फेरे, किंवा ‘इग्नोर’. उत्तम प्रतीचा मोठा कूलर घेतला की त्याचा पंखा सुरुवातीला, प्रोसेसर थंड असताना, ४००-५०० फेऱ्यांवर निवांत फिरतो. मर्यादा ६०० वर असेल तर बायोस त्यालाच आजारी ठरवतो. महागडा, शांत कूलर बसवला आणि पहिल्याच दिवशी एरर आली, अशी तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. उपाय मर्यादा ३०० किंवा २०० वर आणण्याचा आहे, ‘इग्नोर’ करण्याचा नाही. पहारा काढायचा नाही, पहारेकऱ्याला संथ चाल ओळखायला शिकवायचं.

हे सगळं ज्याच्या हातात मुरलेलं असतं अशा कारागिराला काम करताना पाहणं हा वेगळाच आनंद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनी वर्कस्टेशनं दुरुस्त करणारे असे हात पाहायला मिळतात. झाकण उघडल्यावर तो यंत्र सुरू करतो तेव्हा पडद्याकडे पाहत नाही, पंख्याकडे पाहतो. पंखा फिरला की त्याची नजर पंख्यावरून उठते आणि तारेवरून चालत प्लगपर्यंत जाते. मग तो यंत्र बंद करतो, मागची वायर काढतो आणि वीज नसताना समोरचं बटण एकदा दाबून धरतो, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. प्लग ओढताना तारेला हात लावत नाही. प्लास्टिकच्या दोन कडा चिमटीत धरून तो सरळ वर घेतो. मग टॉर्च.

प्लगच्या तोंडात चार चौकोनी भोकं असतात आणि प्रत्येकात पत्र्याचा एक बारीक संपर्क. चारही एका पातळीत दिसायला हवेत. इथे तिसरा किंचित आत गेलेला असतो, जेमतेम एक मिलिमीटर. प्लग बोर्डवर बसतो, हाताला घट्टही लागतो, पण पिन त्या पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. या पत्र्याच्या पाठीवर एक इवलासा काटा असतो, जो प्लास्टिकच्या खिडकीत अडकून त्याला जागेवर धरतो. तो काटा दबला की पत्रा मागे सरकायला मोकळा. कारागीर तार हळूच मागे ओढून पत्रा बाहेर काढतो, सुईच्या टोकाने काटा केसभर उचलतो आणि पत्रा पुन्हा आत ढकलतो. काटा खिडकीत बसल्याचा बारीक ‘टक्’ ऐकू येतो. मग तो तार एकदा हलकेच ओढून बघतो. येत नाही. एवढंच काम. नवीन पंखा, नवा बोर्ड, काहीच लागलं नाही. लागली ती चार पत्रे एका पातळीत आहेत का हे पाहण्याची सवय.

पत्रे सरळ असतील तर तो अदलाबदल करतो आणि इथे त्याचं तर्कशास्त्र दिसतं. संशयित पंखा दुसऱ्या, चालू हेडरवर, म्हणजे बोर्डवरच्या पिनांच्या संचावर, लावायचा आणि बायोसमध्ये फेऱ्यांचा आकडा वाचायचा. चांगला पंखा संशयित हेडरवर लावायचा आणि पुन्हा वाचायचा. बिघाड पंख्याबरोबर फिरला तर पंख्याचा, हेडरवरच राहिला तर बोर्डाचा. दोन्ही ठिकाणी आकडा नीट आला तर मूळ जोडणी सैल होती आणि काढून लावण्यानेच ती बसली. दोन अदलाबदलींत गोष्ट स्पष्ट होते. एररच्या ओळीखाली जी एफ-१ ची सूचना असते, ती अनेक बोर्डांवर थेट बायोसच्या सेटअपमध्ये नेते आणि पुरावा, म्हणजे पंख्यांचे फेरे आणि प्रोसेसरचं तापमान, तिथेच हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर असतो. तक्रार करणाऱ्यानेच कपाटाची किल्लीही हातात ठेवलेली आहे.

अनेकदा ऐकू येतं, ‘धूळ साफ केली आणि एरर गेली.’ धूळ साफ करावीच. पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत बसलेला थर उष्णता वाढवतो आणि पंख्यांना ओरडायला लावतो. पण नुसत्या धुळीने पंख्याचे फेरे सहसा शून्यावर येत नाहीत. साफसफाईसाठी प्लग काढून परत लावला, तिथेच खरा उपाय झालेला असतो. आणि ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवावं. वाऱ्याच्या झोताने मोकळा पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

ज्यांच्या यंत्रात दोन पंखे एका हेडरवर लावले आहेत, त्यांच्यासाठी एक फार सुंदर बारकावा. वाय आकाराच्या चांगल्या स्प्लिटर केबलला दोन तोंडं असतात. नीट पाहिलं तर एका तोंडात चार पिना दिसतात आणि दुसऱ्यात तीनच. वेगाच्या खबरीची तिथे जागाच रिकामी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला केबल सदोष वाटते. पण दोन पंख्यांच्या पल्स एकाच तारेवर आल्या असत्या तर एकमेकींत मिसळून बोर्डाला भलताच वेग दिसला असता. म्हणून बनवणाऱ्याने एकाच पंख्याला बोलू दिलं. आता एररचा अर्थ लावा: चार पिनांच्या तोंडावरचा पंखा काढला आणि तीन पिनांच्या तोंडावरचा तसाच ठेवला, तर पंखा फिरतोय, वारा देतोय, पण बोर्डाला शून्य दिसतंय. उपाय इतकाच की पंख्याचं तोंड बदलायचं. केबल बनवणाऱ्याने जाणूनबुजून सोडलेली ती रिकामी जागा ओळखण्याचं समाधान मात्र त्या उपायाहून मोठं आहे.

लिक्विड कूलिंगवाल्या यंत्रातली गोष्ट जवळची आहे. पंपाची तार पंपाच्या हेडरवर, रेडिएटरचे पंखे कॅबिनेटच्या हेडरवर आणि प्रोसेसरचा हेडर रिकामा, अशी जोडणी केली की एरर येणारच. रेडिएटरचा एक पंखा प्रोसेसरच्या हेडरवर आणला की भागतं.

एक एरर अशी असते की ती दिवसातून एकदाच येते, थंडीच्या दिवसांत, सकाळी पहिल्यांदा यंत्र सुरू करताना. पुन्हा सुरू केलं की नाही. ही माझ्या मते सगळ्यांत बोलकी. जुन्या स्लीव्ह बेअरिंगमधलं वंगण उडत आणि घट्ट होत गेलेलं असतं. नाशिकच्या किंवा पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी ते आणखी घट्ट होतं. पहिल्या धक्क्याने पंखा हलतो, पण बायोस फेरे वाचतो त्या क्षणापर्यंत त्याला वेग आलेला नसतो. दुसऱ्या वेळी वंगण जरा सैल झालेलं असतं, पंखा वेळेवर उठतो, आकडा येतो. संशय असेल तर यंत्र बंद असताना पातं बोटाने हळूच फिरवून सोडावं. चांगला पंखा काही फेरे मुक्तपणे घेतो आणि सावकाश थांबतो. हा मध्येच अडून थांबतो. वेळ, ऋतू आणि बोटाला जाणवणारं ते अडणं, एवढ्या तीन गोष्टींवरून पंखा बदलायची वेळ आली हे सांगता येतं, तेही तो पूर्ण बंद पडण्याच्या काही आठवडे आधी.

मोठ्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनांत आणखी एक पदर आहे. काहींमध्ये प्रोसेसरच्या पंख्याचा प्लग चारऐवजी पाच-सहा पिनांचा असतो. जादा पिन वेगाबद्दल काही सांगत नाही. ती प्लगमध्येच ग्राउंडला जोडलेली असते आणि बसवलेला हीटसिंक कोणत्या प्रकारचा आहे हे बोर्डाला कळवते. बाजारातला चांगला, ताकदवान पंखा तिथे लावला, तो उत्तम फिरला, त्याचे फेरेही आले, तरी बोर्ड तक्रार करतो, कारण ओळख पटलेली नाही. पुष्कळांना यात कंपनीचा हट्ट दिसतो. मला यात काळजीही दिसते: १३० वॉटचा प्रोसेसर आणि ६५ वॉटचा हीटसिंक अशी जोडी चुकून जुळू नये, ही.

एचपीने २००९ साली आणलेलं झेड८०० हे वर्कस्टेशन या काळजीचा उत्तम नमुना. त्याचं कॅबिनेट बीएमडब्ल्यू ग्रुप डिझाइनवर्क्सयूएसए या डिझाइन संस्थेच्या साथीने घडवलेलं, आतले बरेचसे भाग स्क्रूड्रायव्हरशिवाय निघणारे. पण माझं लक्ष वेधतं ते एचपीच्या अशा यंत्रांतल्या, पडदा लागण्याआधीच्या इशाऱ्यांनी. समोरचा दिवा लाल रंगात ठरावीक वेळा लुकलुकतो आणि तेवढेच बीप वाजतात. दोन वेळा म्हणजे प्रोसेसर तापल्यामुळे संरक्षण लागू झालं: पंखा अडला आहे, फिरत नाही, किंवा हीटसिंक प्रोसेसरवर नीट बसलेला नाही. पडद्यावरची पंख्याची एरर आणि हे दोन लाल लुकलुकणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली सांगते की पंखा दिसत नाही, दुसरी सांगते की उष्णता धोक्याच्या पातळीला पोहोचली. आणि यातला सर्वांत मायाळू तपशील: बीप पाचव्या आवर्तनानंतर थांबतात, दिवा मात्र दोष दूर होईपर्यंत लुकलुकत राहतो. आवाजाने बोलावून घ्यायचं, पण दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्याशी तासभर किंचाळत राहायचं नाही. ज्याने हा नियम लिहिला त्याने कधीतरी अशा यंत्रापुढे गुडघे टेकून काम केलं असणार, असं मला खात्रीने वाटतं.

या सगळ्याच्या मागे प्रोसेसरचं स्वतःचं संरक्षणही उभं आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने चालू यंत्रातून हीटसिंक काढून घेण्याचा एक गाजलेला प्रयोग केला होता. त्यात त्या वेळचे एएमडी अ‍ॅथलॉन प्रोसेसर जळाले आणि इंटेलचा पेंटियम ४ वेग कमी करून चालत राहिला. आजचे प्रोसेसर तापले की स्वतः मंदावतात आणि त्याहून तापले की यंत्र बंद पाडतात. मग सुरुवातीच्या एररची गरज काय, असं कुणी विचारतं. गरज आहे. मंदावणं गपचूप होतं. रेंडर चार तासांऐवजी सात तास चालतो आणि कारण कुणाला कळत नाही. पंख्याची एरर मात्र काम सुरू होण्याआधी, डिस्कला हात लागण्याआधी, तोंडावर येऊन उभी राहते.

म्हणून ‘इग्नोर’ या पर्यायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो एकाच परिस्थितीत योग्य: त्या हेडरवर खरोखरच कुठलाही पंखा नसेल आणि प्रोसेसर थंड ठेवण्याची दुसरी व्यवस्था तपासून घेतलेली असेल. बाकी प्रत्येक वेळी आधी प्लगमधला तिसरा संपर्क टॉर्चच्या उजेडात पाहा, मग किमान वेगाची मर्यादा, मग पंखा. आणि ‘इग्नोर’ निवडलंच असेल, तर तारखेसह ती नोंद कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढे कधीतरी तिथे पंखा बसवणाऱ्याला, तो बंद पडला तरी हे यंत्र काहीच बोलणार नाही, हे आधी कळायला हवं.